दोनशे चौसष्ट बंद

१

हॉलचं दार उघडंच होतं. आत शिरले तर ट्रंकेचं झाकण वर केलेलं आणि फरशीवर लोकरीचे गोंडे इकडेतिकडे पडलेले. मला वाटलं, कुणीतरी माझ्या आधी येऊन मांडामांड सुरू केली. मग एक टोपडं उचललं. त्याचे दोन्ही बंद कापलेले होते. दुसरं उचललं, तेही तसंच. मी ट्रंकेत हात घातले आणि थरामागून थर बाहेर काढत गेले. एकशे चव्वेचाळीस टोपडी होती आणि एकालाही हनुवटीखाली बांधायचे बंद उरले नव्हते. मी तिथेच फरशीवर फतकल मारून बसले.

डिसेंबर १९९८, रविवार, सकाळचे आठ वाजले होते. अकराला आमच्या साखळी मंडळाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीतल्या चाळीस बायका वर्षभर क्रोशाची सुई चालवायच्या आणि बाळांची टोपडी विणायच्या. डिसेंबरात एक दिवस ती सगळी हॉलमध्ये लोकांना दाखवायची आणि दुपारी तीच ट्रंक हरसूलकडच्या पाड्यांवर रवाना करायची. तिथली एक नर्स नव्या बाळांना ती वर्षभर पुरवून वाटायची.

प्रदर्शनाची आमची एक खास पद्धत होती. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा ओढायच्या आणि टोपडी त्यांच्याच बंदांनी तारेला बांधून लोंबत सोडायची. खाली गोंडे डुलायचे. लोक तेच बघायला यायचे. सुमेधाताईंचा, म्हणजे आमच्या अध्यक्षांचा नियम होता की बंद वीतभरच हवेत. तो नियम पाळायच्या त्या एकट्याच. बाकी आम्हा सगळ्यांचे बंद दरवर्षी थोडे थोडे वाढत गेले होते. मागच्या वर्षी मी ते चांगले हातभर केले, टोकाला लिंबाएवढे गोंडे लावले आणि मांडणीचं पहिलं बक्षीस घरी नेलं. ते मी वर्षभर सगळ्यांना ऐकवत होते.

सुमेधाताई अंगणातली रांगोळी टाकून आत आल्या. ट्रंक बघितली, खुर्ची ओढली, बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. मग म्हणाल्या, "जाऊ दे, मंजुषा. कुणाला काही बोलू नकोस. आहेत तशी टेबलावर मांडू आणि तशीच पाठवू."

केवढं मोठं मन, असं मला वाटलं. माझं मन एवढं मोठं नाही. मी मंडळाची चिटणीस, आणि राग माझ्या नाकावर असतो. मी हॉलभर नजर फिरवली. खिडकीच्या कट्ट्यावर झाडूवाल्या अंबूबाईची मिश्रीची डबी होती आणि तिला लागून मंडळाची कात्री.

मला तेवढं पुरलं. हॉलची किल्ली अंबूबाईकडे असायची. आदल्याच दिवशी तिने भाचीच्या बाळासाठी एक टोपडं मागितलं होतं आणि ही गरिबांसाठी आहेत, असं सांगून मी तिला वाटेला लावलं होतं. तेव्हा ते बोलताना मला काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. मी ऑफिसातल्या फोनवरून हॉलचे व्यवस्थापक गंगाधरराव यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दहाला येतो. तिचंच काम असेल तर मागची खोली आजच्या आज रिकामी करून घेतो.

त्या खोलीत अंबूबाई आणि तिचा नवरा लहानू अकरा वर्षं राहत होते.

२

नऊला मंडळातल्या सिंधुबाई आल्या. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, डोळे शाबूत. सगळं आयुष्य त्यांनी सरकारी शिवणकामाच्या परीक्षा घेण्यात घालवलं होतं. सुलट बाजू सगळ्याच मुली नीट करतात, असं त्या म्हणायच्या आणि हातात काहीही आलं की आधी उलटं करून बघायच्या. हळदीकुंकवाला दिलेला रुमालसुद्धा यातून सुटायचा नाही.

मी त्यांना घडलेलं सांगितलं, अंबूबाईचं नावही सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. फरशीवरचे बंद एकेक करून उचलले, मांडीवर ठेवले आणि मोजले.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "बाकीचे कुठे आहेत?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी हिशेब बोटांवर मांडला. एकशे चव्वेचाळीस टोपड्यांचे बंद दोनशे अठ्ठ्याऐंशी. फरशीवर चोवीस. राहिले दोनशे चौसष्ट. मी टेबलांखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा उलथला, मागच्या गटारापर्यंत जाऊन आले. एकही मिळाला नाही. ज्याला नासधूस करायची तो कापून फेकतो आणि निघून जातो. इथे कुणीतरी ते सगळे गोळा करून नेले होते, आणि कशासाठी ते मला सुचेना.

मग सिंधुबाईंनी टोपडी उलटी करायला सुरुवात केली. पहिली दहा-बारा पाहून त्यांनी मला जवळ बोलावलं. त्या टोपड्यांचे बंद कापलेले नव्हते, उसवलेले होते. गाठ सोडवून बंद काढला होता आणि सुटं राहिलेलं टोक सुईने आत ओवून पक्कं केलं होतं. कानाजवळ एक घट्ट ओळ नवी घातली होती, म्हणजे टोपडं बंदाशिवाय डोक्यावर नीट बसावं. अशी एकशे बत्तीस निघाली. फक्त बारा टोपड्यांचे बंद कात्रीने कचाकच तोडले होते.

"त्या बारांच्या आतला टाका बघ कुठल्या रंगाचा आहे," त्यांनी सांगितलं.

प्रत्येकीने टोपड्याच्या आत, मानेपाशी, आपल्या रंगाचा एक टाका घालायचा, असा आमच्यात रिवाज होता. वीण सुटली तर कुणाकडे परत द्यायचं ते कळावं, म्हणून सुमेधाताईंनीच तो घालून दिला होता. संपदाचा हिरवा, माझा जांभळा, ताईंचा पांढरा. तोडलेली बाराच्या बारा टोपडी पांढऱ्या टाक्याची होती.

म्हणजे ही नुसती नासधूस नव्हती. सुमेधाताईंवर कुणाचा तरी दात होता.

३

दात असेल तर तो संपदाचा, हे मला लगेच पटलं. चोवीस वर्षांची पोरगी. कुठल्याशा परदेशी मासिकातून तिने बिनबंदाचं टोपडं विणून आणलं होतं आणि सप्टेंबरच्या बैठकीत ताईंनी ते सगळ्यांसमोर नाकारलं होतं. बंदाशिवाय टोपडं म्हणजे नुसती वाटी, असं म्हणून मीही वर मीठ चोळलं होतं.

संपदा साडेनऊला आली, ट्रंक बघून रडायलाच लागली. सिंधुबाईंनी तिला पाणी दिलं आणि त्या सप्टेंबरच्या भांडणाबद्दल विचारलं. ती म्हणाली की भांडण कधीच मिटलं. तीन आठवड्यांपूर्वी सुमेधाताई स्वतः तिच्या घरी गेल्या होत्या. ते बिनबंदाचं टोपडं त्यांनी मागून घेतलं आणि कानाजवळची घट्ट ओळ कशी घालायची, ते दोनदा विचारून घेतलं. जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

हे सांगताना तिने ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीकडे बघत होत्या.

अंबूबाई लहानूबरोबर दारात उभी होती. तिला आत बोलवायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मला तर नाहीच. सिंधुबाईंनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ती कडेवर टेकली आणि पदराचं टोक पिळत राहिली. तिने सांगितलं ते असं. सातला तिने हॉल उघडला, झाडला. ट्रंक तेव्हा लावलेली होती, कुलूप जागेवर होतं, कारण तिने त्यावरून फडकं फिरवलं होतं. सव्वासातला सुमेधाताई आल्या. मग ती झेंडूच्या माळा आणायला फुलबाजारात गेली, ती आत्ता आली.

"डबी तर माझी तिथंच असती रोज," ती म्हणाली. "कात्री मी नाय ठिवली, बाई. मला काय करायचं त्या बंदांचं? लेकरांच्या वस्तूला मी हात लावीन व्हय?"

सिंधुबाईंनी तिला एवढंच विचारलं की क्रोशाची सुई कधी हातात धरली आहे का. तिने आपले दोन्ही तळवे पुढे केले. वर्षानुवर्षं फिनेलमध्ये भिजून बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्या भेगांत लोकरीचा धागा अडकल्याशिवाय राहिला नसता.

बाहेर गंगाधररावांची स्कूटर थांबली. मागोमाग चाळीसपैकी तीसएक बायकाही आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

४

गंगाधरराव सज्जन माणूस, पण घाईचा. त्यांनी ट्रंक बघितली, कात्री बघितली आणि अंबूबाईपुढे हात केला. "किल्ली द्या. संध्याकाळपर्यंत खोली सोडा."

अंबूबाईने कमरेची किल्ली सोडवली. लहानू भिंतीला टेकून खाली बसला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"पाच मिनिटं थांबा," सिंधुबाई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत की आवाजही चढवला नाही. त्यांनी मघाशी घड्याळ लावून, तोडलेल्या एका बंदाचं टोपड्यावर उरलेलं टोक उसवून पाहिलं होतं. गाठ सोडवणं, टोक आत घेणं, ओळ घालणं, एका बंदामागे चार मिनिटं लागली होती. दोनशे चौसष्ट बंदांचे सतरा-अठरा तास झाले. हॉल काल रात्री आठला बंद झाला आणि आज सातला उघडला. कुणी रात्रभर कोंडून घेतलं असतं तरी हे काम उरकलं नसतं.

गंगाधररावांनी किल्ली घ्यायला केलेला हात मागे घेतला. मी म्हणाले की काल संध्याकाळी ट्रंक आली, तेव्हा बंद जागेवर होते. मी स्वतः उघडून बघितले होते.

"सगळे?"

मी नुसता वरचा थर पाहिला होता. गोंडे छान दिसत होते, म्हणून समाधानाने कुलूप लावलं होतं. वरच्या थरात बारा टोपडी होती.

पुढचं सिंधुबाईंनी सांगितलं. एकशे बत्तीस टोपड्यांचे बंद घरी बसून, अनेक दिवस खपून, जीव लावून काढले होते. दुसऱ्या बाईच्या कामावर कात्री चालवणं त्या हाताला जमलं नाही. वरची बारा मात्र तशीच ठेवली, कुणी झाकण उघडलं तर दिसायला. त्यांचे बंद आज सकाळी इथे, पाच मिनिटांत तोडले, आणि ते निर्दयपणे तोडता आले कारण ती स्वतःची होती. ट्रंकेचं कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. किल्ल्या दोनच, एक मंजुषाकडे. आणि ट्रंक बारा दिवस टोपड्यांना वाफ द्यायला म्हणून एकाच घरी होती.

"सुमेधा," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी मुलींची कामं तपासली. खराब काम लपवणाऱ्या खूप पाहिल्या. चांगलं काम करून ते नासधूस म्हणून दाखवणारी तू पहिली. का केलंस?"

५

सुमेधाताई उठल्या आणि आधी अंबूबाईकडे गेल्या. तिची मूठ मिटून किल्ली तिच्याच हातात ठेवली. म्हणाल्या, "माझं चुकलं. तुझ्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कात्री हातात राहिली होती, पावलं वाजली म्हणून मी दिसेल तिथे टाकली."

मग त्यांनी पर्समधून एक पत्र काढून सिंधुबाईंना दिलं. सिंधुबाईंनी ते मोठ्याने वाचलं. हरसूलकडच्या त्या नर्सचं होतं, नोव्हेंबरातलं. एका पाड्यावरची चार महिन्यांची मुलगी झोळीत निजवलेली होती. आई विहिरीवर गेली होती. टोपड्याचा एक बंद झोळीच्या दोरीच्या पिळात गेला आणि गोंड्यामुळे तिथेच अडकून बसला. मुलीने कूस बदलली. आई परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. तुमची टोपडी चांगली ऊब देतात, असं नर्सने पुढे लिहिलं होतं. पाठवत राहा, फक्त बंद लावू नका. खात्री पटावी म्हणून ते टोपडं सोबत पाठवत आहे.

कुणीतरी हुंदका दिला. संपदा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाळ कसं दिसत असेल ते डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून मी फरशीवरचे ठिपके मोजत होते.

सरळ सांगितलं का नाहीस, असं सिंधुबाईंनी विचारलं. ताई म्हणाल्या, सांगितलं असतं तर पहिला प्रश्न एकच आला असता, टोपडं कुणाचं होतं. चाळीस जणींनी त्या एकीकडे बघितलं असतं. आणि ती पुन्हा कधी सुई हातात धरू शकली नसती.

"कुणाचं होतं?" मीच विचारलं. माझीच जीभ ती, गप्प कशी बसेल.

"माझं," सुमेधाताई म्हणाल्या.

त्यांनी ते पर्समधून अर्धवट बाहेर काढलं, पिवळ्या लोकरीचं. सिंधुबाईंनी हात पुढे केला, सवयीने ते उलटं केलं, मानेपाशी बघितलं आणि पुन्हा सुलट करून घडी घातली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"हो. सुमेधाचंच आहे," त्या म्हणाल्या.

ज्या बाईने चाळीस वर्षांत एकीचा चुकीचा टाका पदरात घेतला नव्हता, ती हे म्हणाली. आणि मी सुटकेचा श्वास टाकणार होते. तेवढ्यात घडीतून एक बंद सुटून खाली लोंबला. तो त्यांच्या गुडघ्यावरून घसरत पार पावलापर्यंत गेला. टोकाला लिंबाएवढा गोंडा होता.

सुमेधाताईंनी आयुष्यात वीतभरापेक्षा लांब बंद केला नव्हता.

मी ते टोपडं सिंधुबाईंच्या हातातून घेतलं. त्या सोडत नव्हत्या, मला ओढावं लागलं. उलटं केलं. मानेपाशी जांभळा टाका होता. मागच्या वर्षीच्या बक्षिसाच्या तारेवर हेच लोंबत होतं, मधोमध, मीच ते तिथे बांधलं होतं. बाळाला एवढ्या लांब बंदाचा काय उपयोग, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला तारेवर कसं दिसेल एवढंच पडलं होतं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते खोटं आहे. जमीन जागेवरच होती आणि मला तिच्यावर उभं राहावं लागत होतं.

सुमेधाताई माझा दंड धरून हळूच म्हणाल्या की कुणाला कळायची गरज नाही. पण सगळ्या जणी तिथेच होत्या आणि अंबूबाईही होती. मघापर्यंत तिच्याकडे बोट दाखवून मी उभी होते. मी ते टोपडं उलटंच वर धरलं आणि सगळ्यांना दिसेल असं फिरवलं.

"जांभळा माझा आहे," मी म्हणाले.

मग अंबूबाई उठली, आणि ज्या खुर्चीवर सिंधुबाईंनी तिला बसवलं होतं ती माझ्यामागे आणून ठेवली.

६

उद्घाटन झालं नाही. तारा काढून टाकल्या. उरलेल्या बारा टोपड्यांना संपदाने आणि तिघीचौघींनी तिथेच बसून कानाजवळची ओळ घातली. एक टोपडं मी अंबूबाईला दिलं. तिने भाचीचं नाव घेऊन ते पदरात गुंडाळलं आणि माझ्याशी बोलली नाही. तो तिचा हक्कच होता.

दुपारी ट्रंकेबरोबर जीपमध्ये मीही बसले. त्र्यंबकच्या पुढे घाट लागला तेव्हा ते पिवळं टोपडं मांडीवर घेऊन मी त्याचे बंद उसवले, टोकं आत घेतली, ओळ घातली. चार मिनिटांचं काम, मला तास लागला.

नर्सने मला त्या पाड्यावर नेलं. आई माझ्या मुलीएवढी होती, फार तर वीसची. अंगणात नागली पाखडत होती. मी कोण, काय, ते मी सगळं सांगितलं. टोपडं मी केलं, बंद मी लांब ठेवले, हेही सांगितलं. ती ओरडेल, सूप फेकून मारेल, असं वाटत होतं आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि टोपडं मागितलं. मुलीची तेवढीच एक वस्तू होती, ती सिस्टरने नेली, असं ती म्हणाली.

मी दिलं. तिने ते हुंगलं, कडेने चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"गोंडे कुठं हायत याचे?" तिने विचारलं. "ती मुठीत धरून निजायची."

मी पर्स उघडली. दोन्ही बंद गुंडाळी करून तळाशी ठेवले होते, घरी जाऊन जाळायचे म्हणून. ते काढून मी तिच्या ओंजळीत ठेवले.